बिनआवाजाचा पिक्चर

माझी सगळी नोकरी रायपूरजवळ, सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, येणारा कच्चा माल तपासण्यात गेली. ट्रक आला की वरचा थर बघायचा नाही, फावडं मारून मधला माल बाहेर काढायचा, हे मला रुजू झाल्या झाल्या शिकवलं गेलं. वर चांगलं खनिज पसरायचं आणि खाली माती भरायची, हा त्या धंद्यातला रोजचा प्रकार. निवृत्त झालो, पण हात शिवशिवायचे थांबले नाहीत. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याच्या बोलण्यातही फावडं मारून बघता, आणि देवळातल्या पुजाऱ्याच्यासुद्धा. तिच्या म्हणण्यात काही खोटं नाही. पुजारी तसाही मला कधीच सरळ वाटला नाही.

दिवाळी झाल्यावर आमची मुलगी नागपूरहून, म्हणजे सासरहून, एकच बॅग घेऊन आली आणि म्हणाली, "कुछ दिन रहूँगी." आम्ही दोघं तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती आम्हाला हिंदीत उत्तर देते. रायपुरात वाढलेल्या बहुतेक मराठी मुलांचं असंच आहे, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पण "कुछ दिन"चे महिने झाले. जावई एकदाही फिरकला नाही हे मला खटकलं, आणि आला असता तर तेही खटकलं असतं. तिच्या आईनं लग्नातल्या साड्यांचं विचारलं तर म्हणाली, "वहीं रखी हैं." मी विचारलं, मारलं का? नाही. पितो का? नाही. त्याचं दुसरीकडे काही आहे का? नाही. मग झालं काय? "कुछ नहीं बाबा." इतक्या गाड्या मी आयुष्यात उघडून पाहिल्या, पण घरात आलेली ही एक काही उघडेना.

शेवटी माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावांनी, दुर्गला त्यांच्या घरी बैठक ठरवली. आमच्या लोकांत अजून ही पद्धत आहे. संसार अडला की दोन्हीकडची वडीलधारी माणसं एका खोलीत बसतात, चहा-चिवडा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि मग मुलीला मध्ये बसवून विचारतात, "बोल बाई, तुझं काय म्हणणं आहे?" मुलगी मान खाली घालते. खाली मान म्हणजे होकार, असं धरून तिची पाठवणी होते. मी अशा बैठकांना गेलो आहे आणि चिवडाही खाल्ला आहे. मान वर ठेवलेली मुलगी मी तिथे कधी पाहिली नाही.

महिन्याभरानंतरच्या एका रविवारी बैठक आहे असं मी मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "ठीक है." त्या दोन शब्दांनी माझी झोप उडाली. तिला परत जायचं आहे की नाही, एवढं एकच मला कळायला हवं होतं. जायचं असेल तर मी अडवणारा कोण, आणि नसेल तर मी तिला त्या खोलीत नेऊन बसवणारा कोण? पण ते तिच्या तोंडून निघत नव्हतं आणि दिवस भराभर संपत होते.

त्यातच रविवारांचं प्रकरण माझ्या लक्षात आलं. रविवारी दुपारी जेवण झालं की ती स्कूटी काढून बाहेर पडायची. कुठे, तर "सहेली के यहाँ." संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचा गळा बसलेला असायचा, डोळे लाल, आणि कपड्यांना पोह्याच्या कोंड्याचा वास. आल्या आल्या मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायची. आठवड्याभरात आवाज सुटायचा, की पुन्हा रविवार. आणि मुख्य म्हणजे त्या संध्याकाळी ती पोटभर जेवायची. एरवी अर्धी पोळी चिवडत बसणारी मुलगी रविवारी मागून भात घ्यायची, हे मला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटलं.

मी अंदाज बांधायला लागलो. पहिला अंदाज अर्थातच कोणीतरी पुरुष. पण पुरुषाला भेटून आलेली बाई गुळण्या काहून करेल? मग वाटलं, एखादा बाबा असावा, आरोळ्या ठोकून दुःख घालवायला लावणारा. हल्ली अशांचं पीक आलं आहे. मग वाटलं, नशा. मी तिची स्कूटीची डिकी तपासली. त्यात रेनकोट आणि आल्याच्या गोळ्या निघाल्या. आल्याच्या गोळ्यांवरही मी बराच वेळ विचार केला.

"सरळ विचारून टाका ना तिले," बायको म्हणाली.

"विचारलं की ती म्हणते, कुछ नहीं."

"मंग काहीच नसंल."

"तुला असं कसं वाटतं?"

"तुम्हाले तं सवयच आहे. पोट्टी जेवून राहिली, मले तेवढं पुरे आहे."

मला तेवढं पुरत नव्हतं. भनपुरीत माझा एक जुना ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला आहे. त्याच्या गाड्या गुढियारीच्या गोदामांतून माल उचलतात. एक दिवस तो चौकात भेटला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "भैया, बुरा मत मानना. बिटिया को हर संडे गुढियारी में देखते हैं. पोहे वाला पुराना गोदाम है ना, उधर." मग तो आणखी हळू म्हणाला, "हमारा ड्राइवर बता रहा था, अंदर से औरत के चीखने की आवाज़ आती है. हर हफ्ते."

बायकोला मी यातलं काहीच सांगितलं नाही. बैठकीच्या आधीचा रविवार होता. मुलगी निघाल्यावर थोडा वेळ जाऊ दिला, मग डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळला आणि स्कूटर काढली. उन्हं तापायला लागली होती, त्यामुळे रस्त्यावर निम्मे लोक तसेच गुंडाळलेले होते. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही, आणि मी मात्र प्रत्येकाकडे पाहत होतो.

गोदाम रेल्वेलाइनला लागून होतं. शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर चार-पाच गाड्या, त्यात तिची स्कूटी. शेजारी हमाल सावलीत झोपले होते. मी शटरजवळ उभा राहिलो आणि आतून एक किंकाळी आली.

ती माझ्या मुलीची होती. बापाला ते कळतं. पण असा आवाज तिच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी दारात बोट चेमटलं तेव्हाही ती नुसती हुंदके देत राहिली होती. मी वाकून शटरखालून आत घुसलो. हातात काही नव्हतं, स्कूटरची किल्ली तेवढी मुठीत धरली होती.

आत अंधार होता. खिडक्यांवर पोत्यांचा बारदाना ठोकलेला. समोर भिंतीवर मोठी चादर, आणि चादरीवर नारिंगी रंगाच्या खोलीत एक गोरी बाई तोंड वासून उभी. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दहा-बारा डोकी. चादरीच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून, स्टुलावर बसलेली माझी मुलगी. तिच्या हातात माइक होता. पडद्यावरच्या बाईनं तोंड मिटलं आणि माझी मुलगीही थांबली. खुर्च्यांतून कोणीतरी टाळी वाजवली.

"नए हैं? आइए, बैठिए," माझ्या कानाशी एक बाई कुजबुजल्या. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी मला पोत्यांच्या थप्पीजवळ मागच्या खुर्चीवर बसवलं आणि मी काही विचारायच्या आत सगळं सांगायला लागल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याला उत्तर देता येत नाही हे धरूनच बोलायची त्यांना सवय असावी.

त्यांच्या वडिलांची फिरती टॉकीज होती. गावोगावच्या मडईत, म्हणजे जत्रेत, ते तंबू ठोकून पिक्चर दाखवत. कुठूनतरी त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला हा विलायती भुताचा पिक्चर आला. कुठल्या देशातला आणि कुठल्या भाषेतला, हे त्यांना कधीच कळलं नाही. भाषा कोणालाच येत नाही म्हणून वडील पडद्याशेजारी एक माणूस उभा करत. तो छत्तीसगढीत सगळ्यांचे संवाद मारायचा, बाईचे आणि भुताचेही. पुढे ओल लागून रिळांचा आवाज गेला, चित्र राहिलं. तेच बाईंनी आता लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. दर रविवारी हाच एक पिक्चर लागतो आणि आलेली माणसं आपापला आवाज देतात. "बाहर के देशों में भी इसके दीवाने हैं, सुना है," त्या म्हणाल्या. "हमारे यहाँ बस इतने ही हैं."

माझा विश्वास बसला नाही. एकच पिक्चर दर आठवड्याला? फुकटात? चहासुद्धा मिळतो म्हणे. मी अंधारात एकेक डोकं तपासत होतो. यातला कोण? तो जाड चष्म्याचा, की तो दाढीवाला? पण दाढीवाला पडद्यावरच्या सासऱ्याचा आवाज काढत होता आणि मन लावून काढत होता. हळूहळू माझी नजर पडद्यावर गेली आणि तिथेच अडकली.

असा पिक्चर मी कधी पाहिला नव्हता. एक नवी नवरी मिठागराच्या काठच्या मोठ्या घरात येते. घरातली माणसं सतत जेवणाच्या टेबलाशी बसलेली, सतत हसरी. तिला कोणी रागावत नाही, कोणी हात लावत नाही. फक्त रोज जेवायला तिचा एक कपडा वाढतात. आधी रुमाल, मग हातमोजे, मग झगा. सुरी-काट्यानं कापून, चावून, सावकाश खातात आणि तिच्याकडे बघून हसतात. भिंतींना केस उगवतात आणि सासू ते रोज विंचरते. एक बदक जिन्यावरून खाली येतं, कोणाकडे तरी बघतं आणि परत वर जातं. त्या बदकाची मला जास्त भीती वाटली. रक्त होतं ते टोमॅटोच्या रश्शासारखं, त्याचं काही वाटलं नाही. हसणारी तोंडं मात्र बघवत नव्हती.

बाकी सगळे हिंदीत नाही तर छत्तीसगढीत बोलत होते. सासू झालेली बाई म्हणत होती, "खा ले बहू, तोरे लुगरा हे," म्हणजे तुझंच लुगडं आहे, आणि लोक हसत होते. टेबलावर नवरीचा लग्नाचा पोशाख आणून ठेवला. नवरीचे ओठ हलले आणि माझी मुलगी माइकमध्ये म्हणाली, "तो नका खाऊ. तो माह्या आईनं देला आहे."

मराठीत. आमच्या घरच्या मराठीत. तिच्या आजीच्या तोंडची असावी अशी.

"ये कौन-सी बोली बोलती है, हमको आधी ही समझ आती है," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "पर बहू परदेसी है ना, तो जमता है."

मी खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसलो. आता हे खरं समजायचं की पिक्चर? त्या पडद्यावर जे आहे तेच ती बोलणार, दुसरं काय बोलणार? की दर रविवारी ती इथे येऊन पडद्याआडून तिकडचं सांगते आहे, आणि आम्ही घरी बसून विचारतो आहोत की मारलं का, पितो का? लग्नातल्या साड्या "वहीं रखी हैं." त्या नागपूरच्या घरी मी दोनदा जेवलो होतो. सगळे फार हसतमुख होते. मी परत येताना बायकोला म्हणालो होतो की माणसं चांगली वाटतात, पण जरा जास्तच हसतात. आणि बायकोनं मला गप्प बसवलं होतं.

पडद्यावर नवरी रात्रीच्या कपड्यांत जिन्याखाली लपली. तिथे एक लाल फोन होता. तिनं नंबर फिरवला. दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्यानं, खिडकीशी बसल्या बसल्या, फोन उचलला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात दुसरा माइक कोंबला.

"अंकल, ज़रा ये बाप का बोल दीजिए. हमारे जो बाप बनते हैं, वो आज किसी शादी में गए हैं."

मी मान हलवली, नाही, नाही.

"कुछ नहीं करना है. वो हर बार कुछ अलग पूछती है. हमारे वाले तो बस बोल देते हैं, रॉन्ग नंबर. सब हँस देते हैं, फिर वो चीखती है, सीन आगे बढ़ जाता है."

नवरीनं फोन कानाशी घट्ट धरला. माझ्या मुलीची पाठ थोडी वाकली.

"हॅलो. बाबा?"

खुर्च्यांमध्ये कोणीतरी आधीच हसायला लागलं होतं. पुढचं त्यांना माहीत होतं.

"बाबा, मी बोलून राहिली. मले इथं नाही राहाचं." ती थांबली, कारण पडद्यावरची बाई मागे वळून बघत होती. मग ओठ पुन्हा हलले. "मी घरी येऊ का? आले तं मले परत नका पाठवू. चार लोकांत बसवून नका विचारू. मी तिथं नाही बोलू शकत बाबा, माह्या गळ्यातून आवाजच नाही निघत. येऊ का?"

म्हाताऱ्याचा चेहरा मोठा होऊन पडद्यावर आला. त्याचे ओठ उघडले. सगळे माझ्याकडून रॉन्ग नंबरची वाट बघत होते. मला रडू फुटलं होतं, ते कोणाला कळू नये म्हणून मी गमछा आणखी वर ओढला. पण मग गमछ्यातून आवाज कसा जाणार, म्हणून तो पार खाली ओढला.

"काहून विचारून राहिली?" मी म्हणालो. "ये."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याचे ओठ अजून हलत होते, पण माझ्याजवळ आणखी काही नव्हतं. तो पडद्यावर तसाच मुका बोलत राहिला.

माझी मुलगी स्टुलावर वळली. पडद्याच्या उजेडात तिनं डोळे बारीक करून मागे पाहिलं. मग माइक स्टुलावर ठेवला आणि खुर्च्यांच्या मधून, लोकांच्या पायांवर पाय देत, ती माझ्याकडे यायला लागली. एका पोत्याला अडखळली, सावरली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी इथे कसा, कधीपासून, काहीच तिनं विचारलं नाही.

"दुर्गला नाही जायचं ना, बाबा?"

"नाही."

"मामा काय म्हणतील?"

"मी बघतो त्याचं."

ती खाली, पोत्यावरच बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी तिच्या केसांवर हात ठेवला. विचारायचं खूप होतं. आयुष्यभर विचारत आलेला माणूस मी, पण त्या वेळी मला एकही प्रश्न नको होता.

समोर पडद्यावर नवरी पुन्हा नारिंगी खोलीत आली होती. सगळी हसरी तोंडं तिच्याभोवती जमली, बदकसुद्धा आलं. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले, तोंड उघडलं, आणि ते नुसतंच उघडं राहिलं. गोदामात एक आवाज नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाई खुर्च्यांमधून वाकून पुढे गेल्या, रिकाम्या स्टुलावरचा माइक उचलला, आणि हलक्या आवाजात सगळ्यांना विचारलं, "अरे, अब कोई चीखेगा कि नहीं?"